सांगितलेले उगवले का?

(शेती व आरोग्य : अभ्यासपाठ. आजाऱ्याला औषधपाणी समजावून कसे द्यावे)



मृग लागण्याआधी आपल्यातला जाणता शेतकरी एक काम न चुकता करतो. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घेतो, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगा मांडतो, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतो आणि रोज पाणी शिंपडतो. सहा-सात दिवसांनी उघडून कोंब मोजतो. शंभरांत सत्तर उगवले तर बियाणे पेरायला घेतो. त्याहून कमी उगवले तर जास्त बी टाकतो, फारच कमी असले तर बियाणेच बदलतो. "बी दिसायला चांगले आहे" एवढ्यावर तो विसंबत नाही.

आजारी माणसाला औषध कसे घ्यायचे हे सांगताना मात्र आपण ही उगवण तपासत नाही. भराभर सांगतो, "समजले ना?" असे विचारतो, आणि त्याची मान हलली की पुढच्याला हाक मारतो. आजचा पाठ या हललेल्या मानेबद्दल आहे.

पाठ कोणासाठी? डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारे कंपाउंडर आणि नर्सबाई, गावोगाव फिरणाऱ्या आशाताई, औषधाच्या दुकानात बसणारी मुले यांच्यासाठी तर आहेच. आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी मुली आज अशा कामात आहेत. परंतु म्हाताऱ्या आईला घेऊन दवाखान्यात जाणारा मुलगा, शेजारणीबरोबर सोबतीला जाणारी बाई, हेही त्या घटकेपुरते तेच काम करीत असतात. डॉक्टर तपासतात आणि चिठ्ठी लिहितात. त्या चिठ्ठीतले औषध आजाऱ्याच्या पोटात ठरल्या वेळी, ठरल्या मापाने जाईपर्यंतची जबाबदारी या मधल्या माणसावर असते.

एका हललेल्या मानेची गोष्ट

पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला खोकला लागला. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक. दोन महिने त्याने अडुळसा, हळद-दूध असे घरचे उपाय केले. अखेर त्याची बायको माझ्याकडे आली, म्हणून मी त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. बेडका तपासला, क्षयरोग निघाला. औषध फुकट होते आणि रोग बरा होणारा होता.

डॉक्टर कानडीत बोलले. चिठ्ठी इंग्रजीत होती. खिडकीवरच्या मुलीने गोळ्यांची पाकिटे देताना अर्धे कानडी, अर्धे मराठी असे सगळे सांगितले. किती गोळ्या, केव्हा घ्यायच्या, किती महिने, काय खायचे, पुन्हा केव्हा यायचे. ती हयगय करीत नव्हती. मागे पंधरा माणसांची रांग होती. शेवटी तिने विचारले, "समजलं नव्हं, काका?" त्याने मान हलवली. बाहेर आल्यावर मीही तेच विचारले. त्याने माझ्यापुढेही मान हलवली. माझे समाधान झाले.

क्षयाच्या औषधांत रिफाम्पिसिन नावाचे एक औषध असते. त्याने लघवीचा रंग लालसर-नारिंगी होतो. तो औषधाचा रंग असतो, रक्त नव्हे. ही गोष्ट खिडकीवर सांगितली गेली की नाही, हे आज मला आठवत नाही. सांगितली गेली असली तरी ती त्याच्यापर्यंत पोहोचली नाही एवढे खरे. दुसऱ्याच दिवशी त्याने तो रंग पाहिला आणि त्याच्या पोटात धस्स झाले. औषध उष्ण पडले, आतून रक्त जाऊ लागले, असे त्याने मनाशी ठरवले. पाकिटे पत्र्याच्या डब्यात घालून डबा माळ्यावर ठेवून दिला. बायकोलाही सांगितले नाही. फादर स्वतः बरोबर आले होते, त्यांना काय वाटेल, असा संकोच.

आशाताई येऊन विचारीत, "गोळ्या चालू आहेत ना, काका?" तो म्हणे, "होय होय." मी रविवारी भेटल्यावर विचारी, "औषध चालू आहे ना?" तो म्हणे, "होय फादर."

दोन महिन्यांनी खोकताना खरेच रक्त पडले, तेव्हा डबा खाली आला. "लघवी लाल येत होती की ओ फादर, मला वाटलं रगतच," असे तो म्हणाला तेव्हा मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. पुन्हा तपासणी झाली. पहिल्या गोळ्यांना जंतू दाद देत नाहीत असे निघाले. मग निराळी आणि अधिक कडक औषधे वर्षाहून अधिक काळ घ्यावी लागली. तो वाचला, परंतु पोते खांद्यावर घेण्याची ताकद परत आली नाही. पुढच्या वर्षी त्याच्या सुनेलाही तोच रोग झाला.

चूक कोणाची? मुलीने काम केले होते. आशाताईंनी विचारले होते. मी तर बरोबर उभा होतो. आम्ही तिघांनीही सांगितले आणि विचारले, परंतु त्याला काय समजले हे एकानेही तपासले नाही. तिघांचा प्रश्न असा होता की त्याला "होय" याशिवाय दुसरे उत्तर देताच येऊ नये.

सांगितलेले हरवते कुठे?

माणूस अडाणी असतो म्हणून हरवते, असे समजू नका. शिकलेल्यांचेही हरवते. याविषयी झालेल्या अभ्यासांचा एक आढावा २००३ साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यात सांगितलेल्या गोष्टींपैकी ४० ते ८० टक्के गोष्टी रोगी लगेच विसरतात आणि जे लक्षात राहते त्यातलेही जवळजवळ निम्मे चुकीचे असते, असे त्यात म्हटले आहे. याची कारणे आपणा सर्वांच्या अनुभवातली आहेत.

पहिले कारण भीती. "साखर आहे", "क्षय आहे", "ऑपरेशन लागेल" असा एक शब्द कानावर पडला की त्यापुढचे ऐकू येत नाही. मन घरी पोहोचलेले असते.

दुसरे कारण भाषा. सीमाभागात डॉक्टरांची एक भाषा, चिठ्ठीची दुसरी आणि आजाऱ्याची तिसरी. "उपाशीपोटी", "मात्रा", "संसर्ग" हे शब्द मराठी असले तरी म्हाताऱ्या मावशीच्या बोलण्यातले नव्हेत.

तिसरे कारण लाज. "समजले नाही" म्हटले तर आपण बावळट ठरू, असे प्रत्येकाला वाटते. मागे रांग असते, ओळखीची माणसे असतात. पांढरा कोट घातलेल्यापुढे "नाही" म्हणणे आपल्या रक्तात नाही.

चौथे कारण गर्दी. एका दमात दहा गोष्टी सांगितल्या तर दहाही जातात. पाटाचे पाणी एकदम सोडले तर वाफ्यात मुरत नाही, वरची माती घेऊन बाहेर पडते. हे आपल्याला कोणी सांगायला नको.

बांगलादेशात पगार कशावर ठरला?

१९७१ साली बांगलादेशाच्या लढाईच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे पाणी मोठ्या पिंपांत तयार करून ठेवले आणि ते पाजण्याचे काम आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच शिकवले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. औषध साधे होते. ते आई, भाऊ, शेजारी यांच्या हातून दिले गेले, म्हणून एवढी माणसे वाचली.

पुढे १९८० साली बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने ठरवले की हे पाणी घरच्या घरी करायला प्रत्येक आईला शिकवायचे. शिकवणाऱ्या बायका घरोघर फिरू लागल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, असे माप होते. मीठ जास्त पडले तर मुलाला अपाय होतो, म्हणून नुसते सांगून भागणार नव्हते. आईने आपल्या हाताने पाणी तयार करून दाखवायचे, असा नियम होता.

संस्थेने पगार ठरवण्याची जी रीत काढली ती लक्षात घेण्यासारखी आहे. बाई किती घरे फिरली यावर तिचा पगार ठरत नसे. काही दिवसांनी दुसरा तपासनीस तिने शिकवलेल्यांपैकी काही घरांत जाई, त्या आईला प्रश्न विचारी आणि पाणी करायला सांगी. आईला जितके आठवले, जितके करता आले, त्या मानाने शिकवणारीला पैसे मिळत. म्हणजे पेरणीची मजुरी नव्हे, उगवणीची मजुरी. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरांत हा धडा पोहोचला.

आपल्याकडेही ही वाट नवी नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे खेड्यातल्या बायकांना, त्यांतल्या अनेक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावच्या बाईने गावच्या भाषेत सांगितलेले गावाला पटते, हे त्यांनी करून दाखवले.

समजावून देण्याच्या सहा पायऱ्या

१. आधी त्याचे ऐका. "तुम्हाला काय झालंय असं डॉक्टर म्हणाले? तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" असे विचारा. त्याच्या मनात औषध उष्ण पडते, सुईने ताकद जाते अशी काही समजूत असेल तर ती आधीच बाहेर येते. तिला हसू नका. मनातले तण काढल्याशिवाय वर बी टाकून उपयोग नाही.

२. एका वेळी तीनच गोष्टी सांगा. औषध कोणते व कशासाठी, कसे व किती दिवस घ्यायचे, आणि काय झाले तर लगेच परत यायचे. बाकीचे पुढच्या भेटीत.

३. त्याच्या दिवसाला जोडून सांगा. "दिवसातून दोनदा, बारा तासांनी" हे घड्याळाचे बोलणे झाले. "सकाळी धार काढून, न्याहारी झाली की एक, आणि रात्री भाकरी खाल्ल्यावर एक" हे त्याच्या दिवसाचे बोलणे. लावणीच्या दिवसांत माणसे दुपारी जेवतच नाहीत, हे लक्षात ठेवून विचारा, "आता शेतावर किती वाजता जेवता?" वाचता येत नसेल तर पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्या.

४. वस्तू हातात देऊन दाखवा. चमच्याचे माप सांगताना चमचा दाखवा. "एक तांब्या पाणी" म्हणू नका, कारण प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. दुकानात मिळणारी एक लिटरची पाण्याची बाटली सर्वांना माहीत असते. तिचे माप सांगा.

५. परत सांगायला लावा. हीच आपली उगवण-तपासणी. परंतु परीक्षा घेतल्यासारखे विचारू नका. ओझे आपल्याकडे घ्या आणि म्हणा, "काका, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर काकींना काय सांगाल, ते मला सांगा बघू." तो बोलू लागला की कुठे मोड आला आणि कुठे दाणा कुजला, हे लगेच कळते. चुकले तर "अहो, आत्ताच सांगितलं ना!" असे म्हणू नका. "माझंच सांगायचं राहिलं" असे म्हणून तेवढीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगा आणि पुन्हा विचारा.

६. पुढच्या भेटीत "चालू आहे ना?" असे विचारू नका. विचारा, "कालची गोळी केव्हा घेतलीत? पाकीट दाखवता का? घेताना काय त्रास वाटला?" अशा प्रश्नाला नुसती मान हलवून भागत नाही.

"एवढा वेळ कुठला?" असे दवाखान्यातली माणसे म्हणतील. त्यांच्यासाठी एक माहिती देतो. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे मधुमेही रोगी व डॉक्टर यांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी शंभरांत केवळ बाराच गोष्टींबाबत रोग्याला काय समजले हे पडताळले गेले होते. ज्यांचे पडताळले गेले, त्यांची साखर ताब्यात असण्याची शक्यता अधिक दिसली, आणि त्या भेटींना जास्त वेळही लागला नव्हता.

तीन नेहमीची औषधे

आता या पायऱ्या आपल्या घरांत नेहमी लागणाऱ्या औषधांना लावून पाहू.

*जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी (ओआरएस).* मोठे पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदम घालायचे. कपभर पाण्यात थोडी-थोडी पूड टाकली तर माप चुकते आणि पाणी खारट होऊन मुलाला धोका पोहोचतो. लहान पाकीट २०० मिलिलिटर पाण्यासाठी असते, म्हणून पाकिटावरचा आकडा वाचून घ्यावा. तयार पाणी चोवीस तासांत संपवायचे, उरले तर ओतून द्यायचे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, चमच्या-चमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. बरोबर झिंकची गोळी दिली असेल तर जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरी करावी. पाकीट मिळाले नाही तर एक लिटर पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. दुकानातले गोड फळपेय म्हणजे ओआरएस नव्हे. मूल पाणी पिईनासे झाले, मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसले तर घरी थांबू नये.

येथे आईला तोंडी विचारून पुरत नाही. "मावशी, ही बाटली, हे पाकीट. तुम्ही करून दाखवा," असे म्हणा.

*क्षयाच्या गोळ्या.* साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन औषधे, वजनाप्रमाणे रोज. तीन गोष्टी सांगा. एक, लघवी लालसर होईल. ते रक्त नव्हे, औषध अंगाला लागत असल्याची खूण समजा. दोन, महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटेल, पण त्या वेळी जंतू मेलेले नसतात. गोळ्या सोडल्या तर ते अधिक चिवट होऊन परत येतात. तीन, डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात यायचे. गुपचूप गोळ्या बंद करायच्या नाहीत. क्षयरोग्याला चांगल्या खाण्यासाठी सरकारकडून बँकखात्यात पैसे मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला १००० रुपये आहे. खाते व आधार यांची नोंद झाली का, हेही विचारावे. आणि घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर बेडका तपासून घ्यावा.

*गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्या.* चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. या गोळीने शौचाचा रंग काळा होतो. हे आधी सांगितले नाही तर कितीतरी बायका भिऊन गोळ्या परसात टाकून देतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये, दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी.

यात एक गोष्ट जोडतो, कारण ती माझ्याच कामाशी निगडित आहे. राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार या दिवशी आमच्या काही वडीलधाऱ्या मंडळी इन्शुलिन किंवा साखरेची गोळी घेतात आणि उपवास करतात. साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, भ्रम होतो. असे झाले तर शुद्धीवर असतानाच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि मग काही खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. आजाऱ्याला उपवासाचे बंधन नाही, आणि साठीच्या पुढच्यांनाही नाही. हे मी वेदीवरून सांगितले आहे. मान हलल्या होत्या. म्हणून येथे पुन्हा लिहीत आहे.

मधल्या माणसाने काय करू नये

डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा आपल्या मनाने कमीजास्त करू नये. "माझ्या भावजयला या गोळीनं त्रास झाला" असे सांगून आजाऱ्याला भिववू नये. माहीत नसेल तर "मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारून सांगते" असे सरळ म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

दुभाष्याचे काम करताना पुरे सांगावे. आजारी पाच वाक्ये बोलला आणि आपण डॉक्टरांना "पोट दुखतंय म्हणे" एवढेच सांगितले, तर रोग त्या चार वाक्यांत राहून जातो. आईचे बाईपणाचे दुखणे शाळकरी मुलाच्या तोंडून डॉक्टरांना सांगायला लावू नये. एखाद्या बाईमाणसाने बाजूला बसून ते ऐकावे.

रोगाचे नाव रांगेत मोठ्याने पुकारू नये. दवाखान्यात ऐकलेले पाणवठ्यावर नेऊ नये. एकदा का गावात गोष्ट फुटली की तो आजारी पुन्हा खरे बोलत नाही, आणि जो खरे बोलत नाही त्याचे औषध चुकते.

शेवटी

तो शेतकरी आज घरीच असतो. जनावरांचे बघतो, नातवंडे सांभाळतो. सुनेचा उपचार सुरू झाला तेव्हा तो स्वतः तिच्याबरोबर दवाखान्यात गेला होता. खिडकीवर तीच मुलगी होती. तिने पाकिटे देऊन झाल्यावर नेहमीप्रमाणे "समजलं नव्हं?" असे विचारले. सून मान हलवणार एवढ्यात सासरा म्हणाला, "थांब गं पोरी. मान हलवू नकोस. लघवी कसली येईल ते ताईंना सांग आधी." सुनेला सांगता आले नाही. मुलीने पाकीट खाली ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

सहा महिने पुरे झाले. सून बरी आहे. ती मुलगी आता प्रत्येकाला परत सांगायला लावते, असे मला कळते.

घरी व गटात करून पाहण्यासाठी

१. आज रात्री जपमाळेनंतर घरातल्या औषध घेणाऱ्या माणसाला विचारा : "ही गोळी कशासाठी? केव्हा घेता? काय झाले तर डॉक्टरांकडे जायचे?" तिन्ही उत्तरे मिळाली का?

२. दोघी-दोघी बसा. एकीने ओआरएस करायला शिकवावे, दुसरीने करून दाखवावे. पाण्याचे माप बरोबर आले का?

३. "समजले ना?", "चालू आहे ना?", "त्रास नाही ना?" या तीन प्रश्नांऐवजी, मान हलवून उत्तर देता येणार नाही असे तीन प्रश्न तयार करा.

४. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की आपणच म्हणा, "डॉक्टर, मला काय समजले ते सांगतो, चुकले तर सांगा." आजाऱ्याने स्वतः उगवण दाखवायला हरकत नाही.